चोवीस मनगटं

सर नमस्कार घेत नसत, मनगट घेत. तुम्ही हात जोडायला गेलात की त्यातला डावा हात त्यांच्या मुठीत गेलेला असायचा आणि त्यांची नजर गळ्यातल्या स्टॉपवॉचवर. मग पंधरा सेकंद कुणी काही बोलायचं नाही. पंधरा सेकंद झाले की चारनं गुणून ते आकडा सांगत आणि हात परत देत. हिंगोलीच्या बाजारात भाजी घेतानासुद्धा हा प्रकार चाले. एकदा एक बाई वांगी तराजूत टाकता टाकता म्हणाली, "सर, माझं बघा न जरा. कालपासून अंग मोडून राहिलं." सरांनी नाडी पाहिली आणि तिला ताबडतोब घरी जाऊन झोपायला सांगितलं. ती म्हणाली, पाटी कुणाजवळ ठेवू. त्या दिवशी दुपारपर्यंत सर तिच्या पाटीपाशी बसून वांगी विकत होते. मी स्वतः पाव किलो घेतली.

प्राचार्यांचीही सुटका नव्हती. स्टाफच्या एका बैठकीत ते सरांवर खेकसत होते, मैदानाच्या कुंपणाचा काहीतरी विषय होता. सरांनी शांतपणे टेबलावरून हात लांबवला आणि त्यांचं मनगट धरलं. पंधरा सेकंदांनी म्हणाले, "एकशे आठ. साहेब, राग गिळू नका. तकलीफ व्हईल." ही हकिगत मला इतिहासाच्या प्राध्यापकांनी सांगितली तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. प्राचार्य मात्र हसले नव्हते, आणि विसरलेही नव्हते.

सरांचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते लिहायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही, का ते पुढं कळेलच. आमच्या कॉलेजात ते शारीरिक शिक्षणाचे संचालक होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता आणि कॉलेज नवं होतं. संचालक म्हटल्यावर ऑफिस वगैरे असेल असं वाटतं, पण सरांच्या हाताखाली दोन फुटबॉल, एक भाला आणि एक उंच उडीचा खड्डा एवढंच होतं. खाकी हाफपँट, खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि स्टॉपवॉच. पन्नाशी उलटली होती. मूळचे औंढ्याचे, पण शिक्षण हैदराबादला झालेलं, त्यामुळे बोलण्यात अर्धी दखनी. सायकल होती, पण तिच्यावर बसलेले त्यांना कुणी पाहिलं नाही. ते सायकल हातात धरून चालत आणि तिच्यावर सामान वाहत.

राहायला मैदानामागची एक खोली होती. त्या खोलीत पोल व्हॉल्टचा बांबू होता, खोलीपेक्षा लांब. तो एका खिडकीतून आत येऊन समोरच्या खिडकीतून बाहेर गेलेला असे आणि बाहेरच्या दोन्ही टोकांवर शेजारणी लुगडी वाळत घालत. सर आत त्या बांबूखाली बसून भाकरी भाजत आणि उठताना रोज डोकं आपटून घेत. बांबू बाहेर का ठेवत नाही असं विचारलं तर म्हणत, "चोरीला जाईल मियाँ." कॉलेजात पोल व्हॉल्ट करणारं एकही पोरगं नव्हतं.

शर्यत ते बघतच नसत. शिट्टी वाजवून पोरं पळवली की मैदानाकडे पाठ करून उभे राहत आणि सगळी पोरं दोरीपार होऊन गुडघ्यावर हात टेकून धापा टाकायला लागली की मगच वळत. त्यांचा खेळ तिथून पुढं सुरू व्हायचा. एकेकाचं मनगट धरत हिंडायचे. "पळणं काय बघायचं? दम तर कोंबड्यालाबी असतो. गेलेला दम परत यायला किती येळ लागतो ते सांग मला." एका वर्षी त्यांनी पंधराशे मीटरचा कप सहाव्या आलेल्या मुलाला दिला, कारण त्याची नाडी सगळ्यांत आधी जाग्यावर आली होती. पहिल्या आलेल्याचे वडील संस्थेवर होते. मोठा तमाशा झाला, कप परत घेतला गेला, सरांना लेखी माफी मागावी लागली. माफीत त्यांनी दोन्ही मुलांच्या नाडीचे आकडे लिहिले होते.

हा माणूस वेडा आहे यावर हिंगोलीत एकमत होतं. माझंही तेच मत होतं, पण मला त्यांची गरज होती. मी पुसेगावचा. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि पुढं शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन कुठंतरी शाळेत चिकटायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या पदवीला जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर. खेळात मी यथातथाच होतो. राहत होतो थोरल्या चुलत्याकडे, लिंबाजी बापूंकडे. बापू मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होते. स्टेशनमागच्या वस्तीत त्यांची एक खोली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, फोटोखाली माझी पुस्तकं. काकीला आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. ते मीच होतो. सकाळी काकी दोन ठिकाणी भाकरी बांधायची, एक बापूंची मोंढ्यासाठी, एक माझी कॉलेजसाठी, आणि माझ्यात जास्तीची चटणी असायची.

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. कॉलेजात एक परिपत्रक आलं. विद्यापीठाच्या शहरात क्रीडाशास्त्राची परिषद भरणार होती आणि तिच्यात विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग होता. विद्यार्थ्यांनी निबंध वाचायचा नाही. आपल्या संशोधनाचं पोस्टर करून भिंतीला लावायचं आणि शेजारी उभं राहायचं, परीक्षक येऊन प्रश्न विचारतील. त्याआधी दोनशे शब्दांत सारांश टाइप करून पाठवायचा. सारांश पसंत पडला तरच बोलावणं. हिंगोलीत पोस्टर म्हणजे टॉकीजचं, त्यामुळे नोटीस बोर्डावर हे वाचून पोरांनी यथेच्छ चेष्टा केली. मी शेवटची ओळ वाचली होती. भाग घेणाऱ्यांना विद्यापीठाचं प्रमाणपत्र मिळणार होतं. तेवढ्या कागदानं माझा अर्ज ढिगातून वर आला असता.

सरांकडे गेलो तर ते आधीच विषय ठरवून बसले होते. मोंढ्यातले हमाल. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. त्यांचा दम परत यायला किती वेळ लागतो आणि आपल्या कॉलेजच्या पहिलवानांचा किती. "खेळाचं शास्त्र म्हंत्यात न हे लोक? मग जो दिवसभर ह्योच खेळ खेळून राहिला, त्याचं कुणी मोजलं का?" मी मान डोलावली. मला विषयाशी कर्तव्य नव्हतं. माझ्याबरोबर आणखी दोन मुलं होती, ती आठवड्यात पळाली, कारण सरांची कामाची रीत.

हमालाला पोत्यामागं मजुरी. नाडी मोजायची तर पोतं टाकल्यावर त्याला तीन मिनिटं उभं करायचं, आणि तीन मिनिटांत तो आणखी एक पोतं टाकू शकतो. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की ज्याची तीन मिनिटं आपण घेऊ, त्याचं एक पोतं आपण टाकायचं. आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस डोक्यावर बारदान घेऊन फळीखाली जाऊन उभा राहिला. मोंढा हसला. आडते दुकानातून उठून बघायला आले. सर वाकून, लटपटत, पण वर गेले, पोतं थप्पीवर टाकून खाली आले आणि स्वतःचं मनगट माझ्यापुढं धरलं. "मोज." मग माझी पाळी. मला अर्धी फळीही चढता आली नाही, तिसऱ्या दिवशी आली. पाठीची कातडी सोलून निघाली. काकी रात्री हळद लावायची आणि विचारायची, "काहून रं लेकरा? शिकायला गेला न् पोते वाहून राहिला."

नोंदवहीत सर हमालाचं पूर्ण नाव लिहायचे. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. मी क्रमांक घालू म्हटलं तर म्हणाले, "क्रमांक पोत्याला असत्यात." सकाळची नाडी माणूस अंथरुणातून उठायच्या आत घ्यायची असा त्यांचा दंडक, म्हणून आम्ही पहाटे हमालांच्या घरोघर जायचो. झोपलेल्या माणसाचं मनगट सर इतक्या अलगद उचलायचे की बरेचदा तो जागाही व्हायचा नाही. त्याची बायको चुलीपाशी तोंडाला पदर लावून बघत बसायची.

असे तेवीस झाले. चोविसावे बापू. ते टाळत होते. "माझं काय मोजायचं, घरचा माणूस," असं म्हणायचे. शेवटी सरांनीच एक दिवस पोतं टाकल्याबरोबर त्यांना गाठलं. एक मिनिट झालं, दोन झाली, तीन झाली. सरांनी मनगट सोडलं नाही. पाच मिनिटांनी मला म्हणाले, "तू बघ." मी पाहिलं. नाडी खाली यायचं नाव घेत नव्हती आणि मधेच एखादा ठोका गळत होता. मला वाटलं, माझंच मोजण्यात चुकलं.

"लिंबाजी, काम बंद करा," सर म्हणाले. "उद्या दवाखान्यात जाऊ. मी येतो संगं."

"बसून काय करू सर?" बापू म्हणाले. "तुमी लिहून घ्या न् जा."

सरांनी लिहून घेतलं, पण ते गेले नाहीत. ते मुकादमाकडे गेले आणि या माणसाला पोतं देऊ नका म्हणून सांगितलं. मुकादमानं ऐकलं. त्याला काय, दहा माणसं उभी होती. बापू चार दिवस घरी बसले. दवाखान्यात सर त्यांना घेऊन गेले, तिथं विश्रांती सांगितली आणि गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी बापू सरांच्या खोलीवर गेले आणि बांबूखाली उभं राहून म्हणाले, "सर, तुमच्या आकड्यानं माझी चूल बंद केली." मी तिथं होतो. बापूंना इतकं कडवट बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बापू मुकादमाला विनवून कामावर आणि संध्याकाळी मैदान आटोपलं की सरही मोंढ्यात. बापूंच्या वाट्याची जेवढी पोती ओढून घेता येतील तेवढी ते टाकायचे. दिवसभराची मात्र बापूंनाच टाकावी लागायची.

असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी भर दुपारी बापू फळीवरून खाली आले, थप्पीला पाठ टेकून बसले आणि बसलेच. निरोप घेऊन माणूस कॉलेजात आला तेव्हा सर मैदानावर होते. ते पळाले. त्यांना पळताना मी एकदाच पाहिलं. पोचले, मनगट धरलं, आणि पंधरा सेकंद कधीच होऊन गेले तरी धरूनच बसले. मुकादमानं त्यांचा हात सोडवला.

तिसऱ्या दिवशी सर घरी आले. गळ्यात शिट्टी नव्हती. काकी भिंतीला टेकून बसली होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "बाई, मी मोजलं, पण मला थांबवता न्हाई आलं." काकीनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं विचारलं, "सर, तुमी त्या कागदात ह्यांचं लिहिलं व्हतं न? त्यो कागद मोठ्या गावाला जाणार हाय म्हंत्यात. त्यात ह्यांचं नाव येईल का?"

"येईल," सर म्हणाले.

"पुरं नाव?"

"पुरं नाव."

त्यानंतर सरांनी सारांश लिहिला. एका कोऱ्या कागदावर, त्यांच्या गोल अक्षरात. दोनशे शब्दांची अट होती. चोवीस माणसांची नावं, बापांची नावं, आडनावं, गावं यांतच जवळजवळ निम्मे शब्द खर्ची पडले. मग काय मोजलं, कसं मोजलं. शेवटचं वाक्य असं होतं की यांपैकी लिंबाजी हे मोजणी चालू असताना कामावरच वारले. शब्द संपले होते, त्यामुळे निष्कर्ष नव्हता. मार्गदर्शक म्हणून सरांनी स्वतःचं नाव घातलं नव्हतं. "मी काय मार्ग दावला? मला कुठं ठावा व्हता?" विद्यार्थी म्हणून फक्त माझं नाव होतं.

सारांशावर कॉलेजचा शिक्का लागत होता, म्हणून तो घेऊन मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी वाचला आणि कागद दोन बोटांत धरून म्हणाले, "ही मतदारयादी आहे का?" मग मला बसायला सांगितलं. प्राचार्यांनी मला कधी बसायला सांगितलं नव्हतं. ते फार समजुतीनं बोलले. नावं कुणी घालत नाही, हमाल असं म्हणायचं. मेलेल्या माणसाचं तर अजिबात नको, संस्थेवर बालंट यायचं, शिवाय त्याच्या आकड्यानं सरासरी बिघडते. तेवीस घ्यायचे. मार्गदर्शक म्हणून प्राचार्यांचं नाव टाकायचं. आणि निष्कर्ष लिहायचा, निष्कर्षाशिवाय कचऱ्यात जाईल. "तुला पुढं ॲडमिशन हवी आहे ना?" असं म्हणून त्यांनी शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवला.

प्राचार्यांनी जबरदस्ती केली असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. टाइपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी एकटा बसलो होतो आणि एकेक नाव गाळताना मला हलकं वाटत होतं. बापूंचं नाव गाळताना तर जास्तच. त्यांचं आडनाव आणि माझं आडनाव एक. त्या मोठ्या शहरात, त्या मोठ्या लोकांपुढं, वर विद्यार्थी म्हणून माझं आडनाव आणि खाली हमालांत तेच आडनाव, हे मला नको होतं. ज्या माणसाच्या भाकरीवर मी शिकलो त्याची मला लाज वाटली. सारांशाच्या तळाशी मी टाइप केलं: 'एक नोंद अपूर्ण असल्याने वगळली आहे.'

महिन्यानं बोलावणं आलं. सर इतके खूश झाले की त्यांनी पाकिटातला कागदही वाचला नाही, नुसता कपाळाला लावला. पोस्टर मी घरी केलं, टाइप केलेल्या सारांशाप्रमाणे, तळाच्या त्या ओळीसकट. दाखवायला आणू का म्हणून भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "काहून? तपासायला तू काय चोर हायेस?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तरी मी पोस्टर बदललं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून तयार ठेवलं.

आम्ही रेल्वेनं गेलो. पूर्ण्याला गाडी बदलली. सर वाटभर खिडकीशी बसून होते. त्या शहरातल्या हॉलमध्ये भिंतीभर दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांना पोस्टरं टाचायची होती. ठिकठिकाणची मुलं आली होती, कुणाचं पोहण्यावर, कुणाचं फुफ्फुसांवर, रंगीत खडूंनी काढलेले आलेख. मी आमचं टाचलं. सर हात मागं बांधून दुसऱ्या टोकापासून एकेक पोस्टर वाचत येत होते, मन लावून, ओठ हलवत. आमच्यापाशी आले. वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तळाच्या ओळीपाशी जरा जास्त वेळ थांबले.

"पेन दे," ते म्हणाले.

मी दिला. पोस्टरच्या उजव्या बाजूला मी चार बोटं समास सोडला होता. त्यात ते वरून खाली नावं लिहायला लागले. वही जवळ नव्हती, गरजही नव्हती. शेख बाबू शेख चांद, वारंगा. मारोती, बापाचं नाव, आडनाव, औंढा. नोंदवहीतल्याच क्रमानं. आजूबाजूची मुलं बघायला लागली, एक मुलगी तोंडावर हात धरून हसली. मी हळूच म्हणालो, "सर, नका ना. परीक्षक येऊन राहिलेत." ते लिहीतच राहिले. वीस झाली, एकवीस झाली. परीक्षक खरंच आले, दोघं, कोट घातलेले. त्यातले चष्मेवाले माझ्याकडे बघून म्हणाले, "हे गृहस्थ कोण? पोस्टरवर का लिहितायत? हे तुमचे मार्गदर्शक का?"

मार्गदर्शक म्हणून पोस्टरवर प्राचार्यांचं नाव होतं. सरांच्या अंगावर हाफपँट होती, बुटांचा खडू प्रवासात उडाला होता, आणि त्यांची पाठ आमच्याकडे होती. माझ्या डोळ्यांपुढं प्रमाणपत्र होतं.

"नाही सर," मी म्हणालो. "आमच्या कॉलेजचे शिपाई आहेत."

सरांचा हात थांबला. त्यांनी टोपण लावलं आणि पेन माझ्या खिशात ठेवला. मग वळून दोघांकडे बघत म्हणाले, "जी साहेब. पोस्टर लावायला आलतो. माफ करा. पाणी आणू का तुमाला?"

चष्मेवाले हो म्हणाले. सर गेले आणि कुठून तरी ट्रे आणि दोन ग्लास घेऊन आले. तोवर मी घडाघडा बोलत होतो, पाठ केलेलं सगळं. परीक्षक पाणी पिता पिता ऐकत होते. दुसऱ्यांनी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही एक नोंद अपूर्ण का राहिली?"

सर ट्रे धरून माझ्यासमोर उभे होते.

"त्यानं काम मधेच सोडलं सर," मी म्हणालो.

परीक्षकांनी रिकामे ग्लास सरांच्या ट्रेमध्ये ठेवले आणि पुढच्या पोस्टरकडे गेले. संध्याकाळी नावं वाचली तेव्हा माझं दुसरं आलं. टाळ्या वाजल्या. सरांनीही वाजवल्या.

येताना गाडीत त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली, निम्मी मला दिली. रागावलेले दिसत नव्हते. ते रागावले असते तर मी पाय धरले असते, असं मला वाटतं. कदाचित नसतेही धरले. त्या प्रमाणपत्रावर मला प्रवेश मिळाला, नोकरी मिळाली. मी चौतीस वर्षं मैदानावर शिट्टी वाजवली आणि पोरं मला सर म्हणाली. सरांनी त्याच वर्षी कॉलेज सोडलं आणि ते औंढ्याला जाऊन राहिले. हिंगोलीहून औंढ्याला एसटीनं तासभरही लागत नाही. मी दर सुटीत हिंगोलीला यायचो, स्टँडवर औंढ्याची गाडी लागलेली बघायचो, आणि पुसेगावच्या गाडीत बसायचो. ते गेल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच कामासाठी भेटलेल्या माणसाकडून.

पण त्या परतीच्या दुपारचं सांगायचं राहिलं. हिंगोलीला उतरल्यावर मला वाटलं, सर माझ्याबरोबर काकीकडे येतील. ते फलाटावरच थांबले. पोस्टरची गुंडाळी त्यांच्या काखेत होती, ती माझ्या हातात दिली. "जा. तिला दाखव," म्हणाले. "सबद माझा व्हता, पण कागद तुझा हाय."

काकी दारातच बसली होती. माझ्या हातातली गुंडाळी बघून उठली.

"नाव आलं का रं?"

"आलं," मी म्हणालो.

तिनं जमीन फडक्यानं पुसली. मी पोस्टर पसरलं. कडा वळत होत्या, म्हणून एका कोपऱ्यावर तांब्या ठेवला, एकावर लाटणं. काकीला अक्षरओळख नव्हती. मी तिचं बोट धरून समासातल्या शेवटच्या ओळीवर नेलं. हॉलमध्ये त्या ओळीकडे बघायची माझी हिंमत झाली नव्हती. तिथं सरांच्या गोल अक्षरात 'लिंबाजी' एवढंच होतं. मी परीक्षकांना उत्तर दिलं तेव्हा सर तिथंवर पोचले होते.

"पुरं वाच," काकी म्हणाली.

पेन माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. मी वाचलं. लिंबाजी, मग माझ्या आजोबांचं नाव, मग आमचं आडनाव, मग राहणार पुसेगाव. मी वाचत गेलो तसं काकीचं बोट त्या कोऱ्या कागदावरून हळूहळू पुढं सरकत गेलं, आणि मी थांबलो तिथं थांबलं.

"सरांनी सबद पाळला बघ," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो.